भेटीची वेळ चार ते पाच

"आजपासून ही माडी म्हणजे हॉस्टेल," आण्णा म्हणाले आणि लाटण्यानं परातीवर दोन ठोके हाणले. "विद्यार्थिनी हेमलता जगताप, आपलं सामान घेऊन वर जावं."

मी जिन्याच्या पायाशी उभी होते. एका हातात बादली, दुसऱ्या हातात वळकटी. आई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे न बघता परातीकडे बघत होती.

"पोचा पडंल तिला," ती म्हणाली.

"हॉस्टेल म्हटल्यावर घंटा पायजे का नको?"

"मग देवाची वाजवा."

"देवाच्या घंटेनं कोण उठतंय," आण्णा म्हणाले आणि तिसरा ठोका मुद्दाम जरा जोरात हाणला.

आण्णा आटपाडीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायच्या, त्यामुळे घरातही त्यांना साधं बोलणं जमायचं नाही. जेवायला बसताना आईला हाक मारायची तरी 'भाकरी फलाटावर कधी लागणार आहे' अशी. आणि वेळेला इतके पक्के की गल्लीतले लोक त्यांना सायकलवर टांग मारताना बघून आपली घड्याळं लावायचे. आण्णांचं घड्याळ चुकलं असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी आधी सूर्याकडे बघितलं असतं.

त्या जूनमध्ये मला कोल्हापूरला बी. एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. आमच्या गल्लीतून हॉस्टेलवर जाणारी मी पहिलीच मुलगी. हॉस्टेल उघडायला अजून बरेच दिवस होते. दुसऱ्या घरात हे दिवस लाडू-चिवड्यात आणि मावश्या-आत्यांच्या निरोपात गेले असते. आण्णांच्या डोक्यात मात्र तालीम शिरली होती.

त्याला कारण होतं. आण्णा आठवीत असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना एका बोर्डिंगात ठेवलं होतं. आठवडाही निघाला नाही, ते पळून आले. वडिलांनी मारलं नाही की रागावले नाहीत, दुसऱ्या दिवशी शेरडांमागं धाडलं. पुढे त्यांनी बाहेरून मॅट्रिक केलं, कंडक्टर झाले, मग नियंत्रक झाले, पण ते बोर्डिंग काही त्यांच्या मनातून गेलं नाही.

"शाळा अवघड नव्हती गं," ते मला म्हणाले. "गणितात मी पहिला होतो. सवय नव्हती, एवढंच. भूक लागली की रडू यायचं आणि रडू आलं की भूक लागायची. तेव्हा तालीम करायची. नाटकवाली माणसं करत्यात, मग आपण का नको? तू पळून आलीस तर मी तुला एका शब्दानं बोलणार न्हाई. पण तू पळून येऊ नयेस."

हे बोलताना त्यांचा लाउडस्पीकर बंद होता. म्हणून मी हसले नाही आणि बरं म्हणाले.

"आणि एक," ते आईकडे वळून म्हणाले. "हिला सोडायला मी स्वतः जाणार. पहिल्या गाडीनं."

आई ताटात भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला. मग भाकरी ताटात टाकून ती आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. आण्णांनी मान खाली घालून आमटी भुरकली. आईला माझ्या जाण्याचं वाईट वाटलं, असंच मला तेव्हा वाटलं.

माडी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. खाली दोन खोल्या आणि वर पत्र्याखाली ही एक, जिथं कांदे, लसणाच्या जुड्या आणि पाहुण्यांची अंथरुणं राहायची. आण्णांनी तिथं खाट टाकली, दोरी बांधली, खिडकीत माझ्यासाठी घेतलेलं नवं गजराचं घड्याळ रेडिओच्या बातम्यांवर लावून ठेवलं. आणि खाटेखाली पेटी. ही हिरवी पत्र्याची पेटी आमच्याकडे कायमचीच होती. तिच्यात डाळी असायच्या, वरून जुनी कापडं. आईनं ती रिकामी केली, राखेनं घासली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि बिजागऱ्यांना खोबरेल लावलं.

"नवी घेऊ की," आण्णा म्हणाले होते.

"हीच जाईल," आई म्हणाली. आई सहसा असं तोडून बोलायची नाही. आण्णांनी पुन्हा नव्या पेटीचं नाव काढलं नाही.

हॉस्टेलचे नियम त्यांनी खाली उभं राहून मोठ्यानं पुकारले. पहाटे घंटेला उठायचं. आपले कपडे आपण धुवायचे. मेसची घंटा झाली की ताट घेऊन खाली यायचं, वाढलेलं घ्यायचं, परत वर जायचं. मेसवालीशी गप्पा मारायच्या नाहीत. विनापरवाना जिना उतरायचा नाही. भेटीची वेळ रविवारी चार ते पाच.

"मी मेसवाली व्हय?" आईनं विचारलं.

"तू मेसवालीपण आणि रविवारी आईपण."

"आणि तुमी?"

"मी रेक्टर."

शेजारच्या शेवंताकाकूंनी पहिल्याच दिवशी भिंतीवरून डोकावून विचारलं की पोरगीला कोंडून घातलंय का. आण्णांनी त्यांना सांगितलं, "ती कोल्हापुरात आहे." काकू माझ्याकडे, मग आण्णांकडे बघत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सगळ्यात अवघड गेलं ते आईला. आमटी मेससारखी पातळ आणि बेचव पाहिजे असा रेक्टरसाहेबांचा हुकूम होता. आईनं पाणी घातलं, पण राहवेना म्हणून वरून लसणाची चरचरीत फोडणी दिली. आण्णांनी वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली.

"ही मेसची आमटी नाही."

"मला वाईट करायला येत न्हाई. तुमी करा."

आण्णांनी केली. खरोखरच वाईट झाली. आम्ही तिघांनी ती निमूट गिळली आणि आण्णा मोठ्या समाधानानं म्हणाले, "हां. अशी पायजे."

हसू यायचं, तसं रडूही यायचं. संध्याकाळी खालून भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि मला भडभडून यायचं. स्वतःच्याच घरात, आईपासून एक जिनाभर लांब बसून मी घरच्या आठवणीनं उशीत तोंड खुपसायचे. एकदा दुपारी तर मी गुपचूप चार पायऱ्या उतरलेही. पण आमच्या जिन्याची खालून तिसरी पायरी पाय पडला की कुरकुरायची, आणि ती ओलांडायच्या आधीच मला खालची आई दिसली. ती एकटीच चुलीपुढं बसली होती आणि तिच्यासमोर दोन ताटं होती. मी परत वर गेले.

मग रविवार आला.

सकाळी आण्णा म्हणाले, "आज भेट. आई येणार का?"

"कुठनं येऊ? मी तर हितंच हाय," आई म्हणाली.

"पाहुणीसारखी ये. नीट, बाहेरनं."

आण्णांना वाटलं असेल की ती नाक मुरडेल. तिनं नाक मुरडलं नाही. चारच्या सुमाराला मी खिडकीतून बघितलं तर आई पुढच्या दारानं रस्त्यावर आली होती. लग्नकार्याला नेसायची ती पोपटी काठाची साडी, तोंडाला पावडर, पायात चपला, हातात कापडी पिशवी. ती गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली, तिथं वळली आणि परत आमच्याच घराकडे आली, चारी बाजूंना बघत, जसं काही पत्ता शोधतेय. शेवंताकाकूंनी विचारलंच, "कुठं निघालाय शालनवैनी?" आई म्हणाली, "कोल्हापूरला."

जिन्यावर चपला वाजल्या. घरात चपला घालून चालणारी आई मी जन्मात बघितली नव्हती. तिनं उघड्या दारावर टकटक केली.

"येऊ का?"

"ये ना."

ती खाटेच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. सुरुवातीला आम्हाला दोघींना काही सुचेना.

"कशी हायस?"

"बरी आहे."

"जेवण कसं असतं हितलं?"

"आमटी पातळ असते."

आम्ही दोघी एकदम हसलो आणि मग जमलं. तिनं पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून दिले. हात रिकामा झाल्याबरोबर तो आपोआप वरच्या लसणाच्या जुडीकडे गेला, तेव्हा मी तो धरून खाली आणला.

"पाहुण्यांनी लसूण सोलायचा नाही."

"मग काय करू गं हातांचं?"

तिनं हे खरंच विचारलं होतं. त्या घरात इतक्या वर्षांत आई अशी कधी बसलेलीच नव्हती. एक तासभर, स्वच्छ साडी नेसून, चुलीवर काही नाही, कुणी हाक मारणार नाही. शेवटी तिनं पायानंच पेटीला हलकं टोचलं.

"ही कुणाची, ठावं हाय का?"

"तुझ्या लग्नातली ना?"

"लग्नातली न्हवं. लग्नाच्या आधीची."

आणि आई बोलायला लागली. एरवी ती हळू बोलायची, शेजारच्या माणसालाही कान द्यावा लागायचा. त्या दिवशी ती मोठ्यानं बोलत होती. मला वाटलं, पाहुणी झालीय म्हणून.

दिघंचीच्या शाळेत ती शेवटच्या परीक्षेला मुलींत पहिली आली होती. गुरुजी घरी येऊन आजोबांना म्हणाले की पोरीला मास्तरीण करा, सांगलीला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज आहे, राहायची सोय आहे, पत्र मी लिहितो. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी मिरजेहून ही पेटी घेऊन आले. आई सांगत होती आणि तिचा चेहरा माझ्या एखाद्या मैत्रिणीसारखा दिसत होता.

"मी गोठ्यात उभी राहून शिकवायची प्रॅक्टिस करायची. समोर दोन म्हशी आणि एक रेडकू. म्हशींना काय येत न्हवतं, पण रेडकू हुशार होतं."

"आणि पेटीत काय काय भरलं होतंस?"

"दोन साड्या. आरसा. चटणीचा डबा. आईनं झोपताना पांघरायला तिचं जुनं लुगडं दिलेलं." ती थांबली. खाली तिसरी पायरी कुरकुरली होती. आईनं दाराकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बोलायला लागली, आता आणखीच स्पष्ट. "समदं भरून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जायचं होतं. पेटीला कुलूप लावून ओसरीवर आणून ठेवली. आणि त्याच संध्याकाळी तुझं आण्णा—"

परात वाजली. रोज ती खाली अंगणातून वाजायची. ह्या वेळी दाराच्या अगदी मागं वाजली, इतकी जवळ की मी दचकले.

"भेटीची वेळ संपलेली आहे," आण्णांचा आवाज आला. ते स्वतः दिसत नव्हते, चौकटीतून परातीची फक्त कड दिसत होती. "पाहुण्यांनी कृपया खाली यावं."

 आईचं वाक्य तसंच राहिलं. मग तिनं पदर सारखा केला, पिशवीची घडी घातली आणि उठली.

"पुढचं सांग की," मी म्हणाले.

"पुढच्या भेटीला. नियम तो नियम," असं म्हणून ती खाली गेली. थोड्या वेळानं खाली चपला काढल्याचा आणि मग पितळी पातेल्याचा आवाज आला.

मी घड्याळाकडे बघितलं. पाचाला दहा मिनिटं कमी होती. नवं घड्याळ आणि इतक्यातच मागं पडलं, असं मनात म्हणत मी काटे पुढं सारून बरोबर पाच वाजवले. आण्णांची घंटा चुकीची असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

पुढच्या रविवारी भेट झालीच नाही. कॉलेजकडून हॉस्टेल लवकर उघडत असल्याचं कळलं आणि तालीम मोडून खरी तयारी सुरू झाली. घरात पाहुण्यांची ये-जा, शिंप्याकडे हेलपाटे, चकल्यांचे घाणे. मी एकदोनदा आईला विचारलं की ते पुढचं काय. ती म्हणाली, "आता कुठं गं, हात बघ माझं." कोपरापर्यंत भाजणी होती.

निघायच्या दिवशी पहिल्या गाडीच्या वेळेला आण्णांनी पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. स्टँडवर दहा हमाल त्यांच्या ओळखीचे, एकाला सांगितलं असतं तर धावत आला असता. ते ऐकेनात. आई दारापर्यंत आली. तिनं पेटीच्या झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा." मला म्हणाली की पेटीला, ते मला तेव्हा कळलं नाही. मी तिच्या पाया पडले. आण्णा पाठमोरे उभे होते आणि पेटीच्या वजनानं असेल, त्यांची मान एका बाजूला कलली होती.

तालमीचा उपयोग झाला. हॉस्टेलवर पहिले पंधरा दिवस मुली रडत होत्या, मी त्यांना पाणी देत होते. आमटी तर आण्णांच्या आमटीपेक्षा बरीच होती. फक्त एक झालं. मी सगळीकडे लवकर पोचायला लागले. मेसचं दार उघडायच्या आधी मी ताट घेऊन उभी. प्रार्थनेला रिकाम्या हॉलमध्ये मी एकटी. मुली मला 'पहिली गाडी' म्हणायला लागल्या. दोनतीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की माझं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे. म्हणजे मुळात ते मागं पडलंच नव्हतं. मी खाटेवर बसून त्या घड्याळाकडे बघत राहिले. आण्णांनी पाच वाजता नाही, त्याच्या आधीच परात वाजवली होती. त्यांच्या हातून असं का व्हावं ते मला कळेना, पण ते चुकून झालं नसावं एवढं कळलं. काटे मागं घ्यावेत असं काही वाटलं नाही.

दिवाळीला घरी गेले. आण्णांची जुनी सवय, संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की घरातली सगळी घड्याळं ताडून बघायची. माडीवर असताना माझं घड्याळ त्यातून सुटलं होतं, ह्या वेळी त्यांनी ते उचललं.

"हे पुढं आहे."

"तुमच्या घंटेवर लावलं होतं, आण्णा."

"कुठल्या?"

"भेटीच्या रविवारच्या."

 आई पाटावर बसून करंज्यांना मुरड घालत होती. तिची बोटं थांबली.

"किती पुढं?" तिनं विचारलं.

"दहा मिनिटं."

आईनं आण्णांकडे बघितलं. आण्णा घड्याळाकडे बघत होते. त्यांनी मागची कळ धरून काटे हळूहळू मागं फिरवले, बरोबर वेळेवर आणले आणि घड्याळ माझ्यापुढं ठेवलं.  आईनं पुढची करंजी घेतली. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. बातम्या संपल्या आणि कीर्तन लागलं.

त्या तिन्ही वर्षांत, प्रत्येक सुट्टी संपली की मला सोडायला आण्णाच यायचे. पहिल्याच गाडीनं, पेटी खांद्यावर घेऊन. शेवटच्या वर्षी तर मला लाज वाटायची. मी म्हणायचे, आण्णा, मी काय लहान आहे का, जाईन की एकटी. ते म्हणायचे, "तुला नव्हं, पेटीला सोडायला येतोय." मला तो विनोद वाटायचा.

परीक्षा संपल्यावर मला न्यायला आले तेव्हा कोल्हापूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही पेटीवर बसलो होतो. आण्णा बराच वेळ समोरच्या फलाटाकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "तुझी आई तुला कधी काय बोलली का?"

"कशाबद्दल?"

"असंच."

"नाही."

ते खरंच होतं. आई काही बोलली नव्हती. आण्णांनी मान हलवली आणि गाडी लागली.

ह्या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझं लग्न झालं, कोल्हापुरातच नोकरी लागली. आण्णा निवृत्त झाले, थकले आणि परवाच्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत घड्याळं लावत होते. दिवसकार्य उरकल्यावर पाहुणे पांगले आणि एका दुपारी आई आणि मी माडी आवरायला वर गेलो. पेटी तिथंच होती, परत डाळींना लावलेली. परातही वरच होती. नवी आल्यावर जुनीला आईनं माडी दाखवली होती.

आई खाटेच्या कडेवर बसली, अगदी त्याच जागी. मी विचारलं.

"आण्णा त्या दिवशी जिन्यात होते. तुला माहीत होतं?"

"तिसरी पायरी वाजली की. ती कुणाच्या पायाखाली कशी वाजती ते मला ठावं हाय."

"मग काय सांगत होतीस? त्या संध्याकाळी आण्णा काय?"

इतक्या वर्षांत ती बाजूला सारत आली होती, तशी आजही सारेल असं मला वाटलं. पण ती सहज बोलायला लागली, भाजीचा भाव सांगावा तशी.

"बघायला आलं की मला. चार माणसं घेऊन. नवं कंडक्टर झालेलं. पेटी ओसरीवर बघितली आणि इचारलं, ही कुणाची. मी सांगितलं. तर म्हणालं, लग्न होऊ दे, मग मी स्वतः सोडायला येईन. पहिल्या गाडीनं. मला खरं वाटलं. गाडीच ज्याच्या हातात, त्याला काय अवघड." ती जरा हसली. "पहिल्या वर्षी सासूबाई आजारी. दुसऱ्या वर्षी तू. मग मी इचारायचं सोडलं. पण ते काय विसरलं न्हाईत. पहिल्या गाडीचं नाव निघालं की मान खाली."

मला ती भाकरी वाढताना थांबलेली आई आठवली आणि मान खाली घालून आमटी भुरकणारे आण्णा आठवले.

"हे सांगणार होतीस. म्हणून त्यांनी परात वाजवली."

"हे त्यांना ठावंच होतं की. त्यांना कशाला सांगू हे?"

"मग?"

"ह्याच्या पुढचं सांगायचं होतं." आईनं पेटीवर हात ठेवला. "की पेटी अखेर निघालीया. पोरगी घेऊन चाललीया आणि सोडायला तुमीच चाललाय, पहिल्याच गाडीनं. माझ्या मनात आता काय राहिलं न्हाई, तुमीबी ठेवू नका. एवढंच. तोंडानं तुला सांगायचं आणि ऐकायचं त्यांनी."

माडीवर खूप उकडत होतं. मी उठून खिडकी उघडली आणि तिथंच उभी राहिले.

"नंतर का नाही सांगितलंस गं? इतकी वर्षं होती."

"नंतर ते समोर असायचं. समोर बसलेल्या माणसाला असलं सांगता येतं व्हय? त्या दिवशी ते जिन्यात, मी पाहुणी. तेवढीच सोय होती. आणि दिवाळीत कळलं की त्यांनी वेळेच्या आधीच वाजवली. म्हटलं, ऐकायचंच नसंल त्यांना. मग कशाला."

"त्यांनी मला विचारलं होतं," मी म्हणाले. "कोल्हापूरच्या स्टँडवर. तुझी आई काही बोलली का म्हणून."

आईनं वर बघितलं.

"कवा?"

"शेवटची परीक्षा झाली तेव्हा. पेटी परत आणताना."

 मग हात लांब करून तिनं कोपऱ्यातली परात मांडीवर घेतली आणि मधल्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिली, जसा पिठात गूळ कालवताना फिरवतात तसा. तो पोचा तिनं कधी काढून घेतला नव्हता.

"माझी दहा मिनिटं होती अजून," ती म्हणाली. "तेवढी पुरली असती."